मांजरीचं रक्त, माणसाचं मशीन

बकरीची लाल रक्तपेशी साधारण १६ ते २५ फेमटोलीटरची असते. माणसाची ८० ते १००. म्हणजे माणसाच्या एका पेशीच्या जागेत बकरीच्या चार-पाच पेशी सहज मावतील. फेमटोलीटर डोळ्यांसमोर आणायच्या फंदात पडू नका, ते कुणालाच जमत नाही. पण माणसाच्या रक्तासाठी बेतलेल्या मशीनमध्ये बकरीचं रक्त घातलं तर काय होईल याचा अंदाज एवढ्यावरून येतो. काही लाल पेशींना मशीन प्लेटलेट समजेल, काहींना नुसता कचरा. आणि तरीही शेवटी कागदावर नीटनेटका आकडा छापून येईल, दशांश चिन्हासकट.

पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी रक्त तपासायचं मशीन निवडताना खरी गोम इथे आहे. मशीन आकडा देईल का, हा प्रश्नच नसतो. ते देतंच. तो आकडा समोरच्या जनावराचा आहे का, हे मात्र घेणाऱ्यानं स्वतः तपासून पाहायचं असतं, कारण त्याच्यासाठी ते दुसरं कुणी करून ठेवलेलं असेलच असं नाही. अमेरिकेचंच उदाहरण घ्या. तिथे माणसांच्या तपासणीची उपकरणं एफडीए या सरकारी नियामक संस्थेच्या चाळणीतून जातात, पण फक्त जनावरांसाठी असलेल्या उपकरणांना बाजारात येण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. खोक्यावर कुत्रा, मांजर, घोडा यांची चित्रं असतील, पण ती कंपनीनं छापलेली आहेत.

आधी मशीन पेशी मोजतं कसं ते पाहू, म्हणजे ते कुठे फसतं हे सांगावं लागणार नाही. १९५३ मध्ये वॉलेस कोल्टर यांना ज्या युक्तीचं पेटंट मिळालं, ती आजही असंख्य सेल काउंटरच्या पोटात आहे. रक्त खारट द्रावणात पातळ करायचं, एका अतिसूक्ष्म भोकातून ओढायचं आणि त्या भोकातून वीज वाहती ठेवायची. पेशी भोकातून गेली की विजेची वाट क्षणभर अडते. किती वेळा अडली यावरून पेशींची संख्या कळते आणि किती जोरात अडली यावरून पेशीचं आकारमान. बस, एवढंच. लाल पेशी आणि प्लेटलेट एकाच वेळी मोजल्या जातात आणि त्यांच्यातला फरक ठरतो तो निव्वळ आकारावरून. दारावरच्या वॉचमननं फक्त उंची बघून ‘हा मोठा माणूस, हे लहान मूल’ असं टिपत जावं, तसा हा प्रकार आहे. माणसांच्या रक्तात हे छान जमतं, कारण तिथे प्लेटलेट खूपच लहान आणि लाल पेशी खूपच मोठी असते.

मांजरीत हा वॉचमन पार गोंधळतो. तिच्या लाल पेशी ४० ते ५५ फेमटोलीटरच्या आसपास, माणसाच्या जेमतेम निम्म्या. प्लेटलेट मात्र चांगल्या ऐसपैस, त्यातल्या काही तर लाल पेशीएवढ्या. मोठ्या प्लेटलेट लाल पेशींच्या खात्यात जमा होतात. लाल पेशी एका मायक्रोलीटरमध्ये काही दशलक्ष असल्यामुळे त्या खात्यात हा घोळ दिसतही नाही, पण प्लेटलेटचं खातं रिकामं होतं. भरीस भर म्हणजे मांजरीच्या प्लेटलेट नळीत शिरताच एकमेकींना चिकटायला टपलेल्या असतात. रक्त काढताना मांजरीनं जरा हिसका दिला, सुई दोनदा हलली, की पुंजके तयार. मोठा पुंजका मशीनला पांढऱ्या पेशीसारखा वाटू शकतो. मग रिपोर्टवर प्लेटलेट येतात ४०,०००, मालक घाबरतो, ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि मांजर मात्र ठणठणीत.

यावरचा उपाय मशीनमध्ये नाही, काचपट्टीवर आहे. त्याच रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ओढायचा, रंगवायचा आणि आधी पट्टीच्या पातळ कडेला पुंजके आहेत का ते बघायचं. पुंजके दिसले तर मशीनचा आकडा बाजूला ठेवायचा. नसतील तर तेल लावून पाहायच्या शंभरपट भिंगाखाली दहाएक ठिकाणी प्लेटलेट मोजून सरासरी काढायची. एका दृश्यातली एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलीटरमागे ढोबळमानानं १५,००० ते २०,०००. पाच मिनिटांचं काम आहे. एका कुत्र्याचाही इथे उल्लेख करायला हवा. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत पुष्कळांच्या प्लेटलेट आनुवंशिक कारणानं मोठ्या आणि संख्येनं कमी असतात. त्या कुत्र्याला काहीही झालेलं नसतं, आणि मशीननं कमी आकडा दाखवला तर तो खोटाही नसतो.

लेझरवर चालणारी मशीनं यापेक्षा हुशार. ती पेशीवर प्रकाश टाकून तिचा आकारही बघतात आणि आतली गुंतागुंतही, त्यामुळे मोठी प्लेटलेट आणि लहान लाल पेशी त्यांना बऱ्यापैकी वेगळ्या ओळखता येतात. रक्ताल्पता असलेल्या कुत्र्याचा अस्थिमज्जा नव्या पेशी बनवतोय की नाही, हे सांगणाऱ्या कोवळ्या लाल पेशीसुद्धा, म्हणजे रेटिक्युलोसाइट, यांतली काही मशीनं मोजतात. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याला हे फार उपयोगी. घोड्यांच्या डॉक्टरला मात्र नाही, कारण घोडा आपल्या रेटिक्युलोसाइट सहसा रक्तात सोडतच नाही. त्यासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे विहिरीला शिडाची होडी घेणं.

पक्षी आणि सरपटणारे प्राणी आले की सगळेच सेल काउंटर हात टेकतात. या प्राण्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं. पांढऱ्या पेशी मोजण्यासाठी मशीन आधी लाल पेशी फोडून टाकतं, पण इथे पेशी फुटली तरी केंद्रक मागे उरतं आणि तेच पांढरी पेशी म्हणून मोजलं जातं. म्हणून पोपट, कासव, अजगर यांच्या पांढऱ्या पेशी आजही चौकटी आखलेल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, माणूसच मोजतो. तुमच्याकडे असेच रुग्ण जास्त येत असतील तर माझं मत विचाराल तर मशीनचे पैसे उत्तम सूक्ष्मदर्शकात आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणात घाला.

खरं तर सूक्ष्मदर्शक कुणालाच सुटत नाही. लाल पेशीत बसलेला बॅबेसिया किंवा थायलेरिया हा परजीवी नेहमीच्या सेल काउंटरला दिसत नाही. जोराच्या संसर्गात अस्थिमज्जा जे अर्धेकच्चे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बाहेर ढकलतो, ते मशीनला भरवशानं वेगळे काढता येत नाहीत. अशा वेळी पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा अगदी नॉर्मल येऊ शकतो आणि जनावर मात्र मरणाच्या दारात असतं. मशीन आलं म्हणून सूक्ष्मदर्शकावर कव्हर चढलं, तर दवाखाना आधीपेक्षा गरीब झाला असं समजायचं.

बायोकेमिस्ट्रीचं मशीन, म्हणजे लिव्हर, किडनी, साखर वगैरे बघणारं, तुलनेनं सरळ. तिथे पेशींचा आकार आडवा येत नाही आणि ग्लुकोज म्हणजे ग्लुकोज, कुत्र्याचं असो नाहीतर माणसाचं. प्रथिनांना मात्र हे लागू नाही. अल्ब्युमिन मोजण्यासाठी त्याला चिकटणारा एक रंग वापरतात. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल असे दोन प्रचलित आहेत. माणसांच्या कामात पर्पल चांगला मानला जातो, पण कुत्र्याच्या अल्ब्युमिनला तो नीट चिकटत नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. ज्या कुत्र्याचं अल्ब्युमिन व्यवस्थित आहे त्याच्या आतड्यातून किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत असं समजून तपासण्यांवर तपासण्या सुरू होतील. तेव्हा मशीन बघायला गेलात की ‘अल्ब्युमिनला कुठला रंग वापरता?’ हा प्रश्न विचाराच. समोरच्याचं उत्तर आणि चेहरा, दोन्ही बघण्यासारखं असतं. हार्मोनच्या तपासण्यांत तर आणखी जपायला हवं. माणसाचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ओळखणारी अँटिबॉडी कुत्र्याचं टीएसएच ओळखेल असं धरून चालता येत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

ग्लुकोज म्हणजे ग्लुकोज असं वर म्हटलं, पण तेही पुरतं खरं नाही. माणसांच्या मधुमेहाचं छोटं ग्लुकोमीटर अख्ख्या रक्ताच्या थेंबावर चालतं आणि लाल पेशींत किती साखर, भोवतीच्या द्रवात किती, याचं माणसातलं प्रमाण त्यात गृहीत धरलेलं असतं. कुत्र्यामांजरांत लाल पेशींत फारच थोडी साखर असते, बहुतेक सगळी द्रवात. म्हणून माणसांचं मीटर त्यांची साखर बहुधा खरीपेक्षा कमी दाखवतं. जनावरांसाठीच्या मीटरमध्ये कुत्रा आणि मांजर यांची सेटिंग वेगळी असते ती यामुळेच. त्यात जनावर रक्ताल्पतेचं असलं तर चूक उलट्या दिशेला, म्हणजे वर सरकते.

आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो, तेही सांगतो. एएलपी हे एन्झाइम कुत्र्याच्या रक्तात निम्मं व्हायला साधारण तीन दिवस लागतात, मांजरीत सहा तासांच्या आसपास. त्यामुळे मांजरीत त्याची थोडीशी वाढही गांभीर्यानं घ्यावी लागते. म्हणजे मांजरी जास्त येणाऱ्या दवाखान्यात मशीन वरच्या आकड्यांना किती अचूक आहे यापेक्षा खालच्या आकड्यांना किती स्थिर आहे, हे बघायचं. माहितीपत्रकावर हे कधी ठळक छापलेलं नसतं.

आता प्रत्यक्ष पारख. तीन गोष्टी तपासायच्या असतात आणि त्यांना फारसं गणित लागत नाही.

पहिली, मशीन स्वतःच्या शब्दाला जागतं का. एकच नमुना लागोपाठ वीस वेळा चालवायचा. वीस आकडे येतील. त्यांची सरासरी आणि विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पांगलेत ते, काढा, विचलनाला सरासरीनं भागून शंभरनं गुणा. हा झाला सीव्ही. तो जितका लहान तितकं मशीन स्थिर. असं एकदा नॉर्मल नमुन्यावर आणि एकदा आजारी जनावराच्या नमुन्यावर करायचं, कारण मधल्या आकड्यांना बहुतेक मशीनं गुणी असतात, टोकांना बिघडतात. दाट नमुन्यामागोमाग पातळ नमुना चालवून आधीचं रक्त नळीत रेंगाळतं का, तेही याच बैठकीत कळतं.

दुसरी, खऱ्या आकड्यापासून ते किती लांब आहे. एखाद्या चांगल्या संदर्भ प्रयोगशाळेत आणि आपल्या मशीनवर तेच नमुने चालवायचे. निदान चाळीस, आणि त्यांत निरोगी, थोडे आजारी, खूप आजारी असे सगळे हवेत. नमुने एकाच वेळेच्या आसपास चालवा. सीरम पेशींपासून वेगळं न करता नळी तशीच ठेवली तर पेशी ग्लुकोज खात राहतात, साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, आणि दोष मशीनच्या माथी येतो.

या तुलनेचा निकाल पुढे ठेवताना विक्रेते हमखास सहसंबंधाचा आकडा दाखवतात. ०.९८! ०.९९! त्यावर भुलू नका. एखादं मशीन प्रत्येक वेळी बरोबर दुप्पट आकडा देत असेल तर त्याचा सहसंबंध पूर्ण १ येईल. दोन यंत्रं एकाच दिशेनं चढतात-उतरतात एवढंच त्यातून कळतं, दोघांचं जुळतं का ते नाही. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये यावर साधी वाट दाखवली. दोन्ही आकड्यांतला फरक काढा आणि तो दोघांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडा. ठिपके शून्याच्या रेषेभोवती विखुरले असतील तर ठीक. सगळे वर किंवा सगळे खाली असतील तर मशीनचा झुकाव आहे. आकडा वाढेल तसे ठिपके पांगत असतील, तर नेमका ज्या जनावराला जास्त धोका तिथेच मशीनचा भरवसा कमी.

मग दोन्ही एकत्र करायचं. एकूण चूक म्हणजे सीव्हीची दुप्पट अधिक झुकाव. समजा मूत्रपिंडाचं काम जोखणाऱ्या क्रिएटिनिनला मशीनचा सीव्ही ४ टक्के आणि झुकाव वरच्या बाजूला ६ टक्के आहे. एकूण १४ टक्के. मांजरीचं खरं क्रिएटिनिन डेसिलीटरमागे १.५ मिलिग्रॅम असेल तर कागदावर १.७ येऊ शकतं. मूत्रपिंडाच्या आजाराची आयआरआयएस नावाची जी वर्गवारी जगभर वापरतात, तिच्यात मांजरीसाठी पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधला उंबरठा १.६ आहे. म्हणजे मशीननंच मांजरीला एक टप्पा पुढे ढकललं. किती चूक चालवून घ्यायची हे घटकागणिक बदलतं आणि अमेरिकन सोसायटी फॉर व्हेटरनरी क्लिनिकल पॅथॉलॉजी या संस्थेनं २०१३ मध्ये त्याचे तक्ते दिलेले आहेत. ते शोधून आपल्या मशीनच्या आकड्यांशेजारी ठेवा.

तिसरी गोष्ट नॉर्मल रेंज. रिपोर्टच्या कडेला छापलेली रेंज कुणाच्या रक्तावरून ठरली? कुठल्या वयाच्या, जातीच्या, किती जनावरांवरून? नव्यानं रेंज ठरवायची तर निदान १२० निरोगी जनावरं असावीत असा संकेत आहे, ते एका दवाखान्याला झेपणारं नाही. पण छापलेली रेंज आपल्याला लागू पडते का, हे वीस निरोगी जनावरांवर पाहता येतं. वीसपैकी दोनपर्यंत रेंजबाहेर गेली तर चालेल, त्याहून जास्त गेली तर रेंजवर शंका घ्यायची. ग्रेहाउंडसारख्या जातीत लाल पेशींचं प्रमाण मुळातच वर आणि प्लेटलेट खाली असतात, त्यांना सर्वसाधारण कुत्र्याचं माप लावलं तर निरोगी ग्रेहाउंडसुद्धा आजारी ठरेल. आणि रेंज बरोबर असली तरी तिच्यात निरोगी जनावरांपैकी मधली ९५ टक्केच बसतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी कुत्र्याची निदान एक तरी चाचणी रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. ‘फुल प्रोफाइल’ काढा म्हणणाऱ्यांना हे गणित करून दाखवावंसं वाटतं.

या साऱ्यात नमुन्याचा वाटा विसरू नका. घोड्याचं रक्त नळीत उभं ठेवलं की काही मिनिटांतच पेशी तळाला बसू लागतात. न हलवता मशीनला दिलं तर काय वाट्टेल तो आकडा येईल. पोटॅशियम असलेल्या ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं रक्त चुकून सीरमच्या नळीत ओतलं तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम पडतं. अकिता जातीच्या बऱ्याच कुत्र्यांच्या लाल पेशींतच पोटॅशियम भरपूर असतं, त्या फुटल्या तरी पोटॅशियम चढतं. मशीनला किती रक्त लागतं हेही पाहा. निरोगी जनावरातून एका वेळी वजनाच्या साधारण १ टक्क्यापर्यंत रक्त काढता येतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या पक्ष्यातून जास्तीत जास्त ०.३ मिलिलीटर, आणि त्यातला द्रव जेमतेम निम्मा.

रोजच्या कामात एक फुकटचा पहारेकरीही आहे. हिमोग्लोबिन गुणिले तीन म्हणजे जवळजवळ हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेली टक्केवारी. हिमोग्लोबिन १५ असेल तर हिमॅटोक्रिट ४५च्या आसपास हवं. मशीननं ३६ दिलं, तर दोघांपैकी एक आकडा खोटा, कारण पेशीत एवढं हिमोग्लोबिन कोंबता येतच नाही. सीरम दुधाळ असेल, पेशी फुटल्या असतील किंवा स्वतःच्याच लाल पेशींवर हल्ला करणाऱ्या आजारात पेशींचे पुंजके झाले असतील. लगेच बारीक नळीत तेच रक्त सेंट्रिफ्यूजला लावून पीसीव्ही, म्हणजे तीच टक्केवारी पण डोळ्यांनी, मोजायचा. उंटाच्या कुळातल्या जनावरांना हा नियम लागू नाही, त्यांच्या पेशी हिमोग्लोबिननं जास्तच गच्च असतात. ‘लाल पेशी गुणिले तीन म्हणजे हिमोग्लोबिन’ हा दुसरा नियम मात्र माणसांच्या पेशींचा आहे, तो इकडे आणू नका.

मशीन बसल्यावर कंट्रोलचं, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं, द्रावण ठरल्या वेळी चालवून आकडा आलेखावर टिपत राहायचं. तो तीन विचलनांच्या पलीकडे गेला किंवा लागोपाठ दोनदा एकाच बाजूला दोन विचलनांबाहेर गेला, तर कारण सापडेपर्यंत रुग्णांचे नमुने थांबवायचे. कंट्रोलला आणि रोजच्या धुण्याला रीएजंट लागतात, ते मुदतबाह्यही होतात. एका चाचणीचा खर्च काढताना हे सगळं धरा, नुसती किटची किंमत नको.

आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी कंपनीचा माणूस सोबत आणलेलं द्रावण चालवून दाखवेल. दाखवू द्या, चहा पिऊन होईपर्यंत त्याचे आकडे सुंदरच येतील. मग फ्रिजमधले आपले नमुने काढा, त्याच सकाळचे: पुंजके झालेलं मांजरीचं, एक बकरीचं, दुधाळ सीरमचं एक, आणि ज्याच्या काचपट्टीवर अर्धेकच्चे न्यूट्रोफिल तुम्ही स्वतः पाहिलेत ते एक. आकड्यांकडे नंतर बघा. मशीननं कुठे इशारा दिला, कुठे रकाना कोरा ठेवला आणि कुठे न कुरकुरता छापून मोकळं झालं, ते आधी वहीत लिहून घ्या.